ब्रेकबाईंना झालेला उशीर

गाडी शिकवणाऱ्या माणसाच्या अंगी शांतपणा असावा, असं म्हणतात. ब्रेकबाईंच्या अंगी तो औषधालासुद्धा नव्हता. शिकणारा सीटवर बसून पट्टा लावेपर्यंत त्यांचा पहिला सुस्कारा निघून गेलेला असायचा. "आरसा! आरसा कशाला लावलाय? भांग पाडायला?" अशी त्यांच्या शिकवणीची सुरुवात. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाईंचा पाय त्यावर असा काही पडायचा की शिकणाऱ्याचं कपाळ आणि समोरची काच यांची गाठ केवळ पट्ट्यामुळे पडायची राहून जायची. त्यावरूनच नाव पडलं. तरीही लोक त्यांच्याकडेच येत, आपली मुलं, सुना, जावई त्यांच्याकडेच पाठवत. बाईंच्या बोलण्यातून जो तावूनसुलाखून निघाला, त्याला पुढे रस्त्यावर कुणाचीच भीती वाटत नसे.

अपघात झाला त्या दिवशी मात्र ब्रेकचा काही उपयोग नव्हता, कारण गाडी उभीच होती. लाल सिग्नल होता. शेजारी एक दंतवैद्य शिकत होते. घाबरट माणूस. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसलेले. "अहो डॉक्टर, ते स्टिअरिंग आहे, कुणाची दाढ नाही. सैल सोडा," म्हणत बाईंनी उजवा हात पुढे केला, स्टिअरिंगवर ठेवला आणि त्याच क्षणी मागून सामानाच्या व्हॅनने धडक दिली. दंतवैद्यांना खरचटलंसुद्धा नाही. बाईंचं मनगट मोडलं.

सरकारी दवाखाना दोन चौक ओलांडले की होता. तिथल्या अपघात विभागात एका तरुण डॉक्टरने हाताचा एक्स-रे फोटो काढायला लावला, हाड बसवलं आणि कोपरापासून तळव्यापर्यंत प्लास्टर चढवलं. त्याचे डोळे झोपेने तांबारलेले होते, पण हात चटपटीत होता. "चार दिवसांनी दाखवायला या," म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे वळला.

संध्याकाळपर्यंत बाईंची बोटं फुगून टम्म झाली. रंग बदलला. प्लास्टरच्या आत कुणी निखारा कोंडून ठेवल्यासारखी आग व्हायला लागली. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. मऊ माणूस. भांडण ऐकलं तरी चष्मा काढून पुसत बसणारा. तो म्हणाला, "अगं, ताजं आहे ना, दुखणारच. सकाळी बघू."

सकाळी दोघं गेले. टेबलावरच्या नर्सने मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"बोटं बघा ना. बधिर झालीत, कळत नाहीयेत मला. आणि आग आग होतेय."

"प्लास्टर आहे बाई, बांगडी नाही. दुखणारच. हात वर धरून ठेवा."

"वरच धरलाय. सगळी रात्र वर धरून बसले होते मी. डॉक्टरांना बोलवा."

"हाडांचे डॉक्टर आज ऑपरेशनला आहेत. उद्या ओपीडी आहे, उद्या या."

बाईंचा आवाज चढला. बाकावरच्या लोकांनी माना वळवल्या. पहारेकरी दोन पावलं पुढे आला. नवऱ्याने दंडाला धरून त्यांना बाहेर काढलं, आणि पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला याबद्दल दोष देत राहिला. दुसऱ्या दिवशी हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी प्लास्टर कापायला लावलं तेव्हा आतून फोडांनी भरलेला, गार पडलेला हात निघाला. मोठ्या डॉक्टरांनी बोटं एकेक दाबून पाहिली. मग म्हणाले, "नसा जरा दबल्यात. येईल हळूहळू. व्यायाम सुरू करू."

इथून पुढे जे झालं त्याला ब्रेकबाईंच्या भाषेत एकच शब्द होता, पण तो छापण्याजोगा नाही. दर महिन्याला त्या मोठ्या डॉक्टरांना हात दाखवायच्या. बोटं तळव्याकडे वळत चालली होती, जणू एखादी न दिसणारी वस्तू घट्ट धरून ठेवली असावी. डॉक्टर बोटं ताणून बघायचे, कागदावर दोन ओळी ओढायचे आणि म्हणायचे, "नस झोपलीय. जागी होईल. पुढच्या महिन्यात या." बाई पुढच्या महिन्यात जायच्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुणाचं तरी निमूट ऐकत होत्या, तेही चुकीच्या माणसाचं.

शिकवणी बंद पडली. गाडी दारात धूळ खात उभी. बाहेर जायचं तर चालवणार कोण? शेवटी नवऱ्याने मन घट्ट केलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोकडून गाडी शिकायची त्याची छाती झाली नव्हती. आता शिकला. बाई शेजारी बसायच्या, डाव्या हाताने दिशा दाखवायच्या आणि ओरडायच्या. तो घाम पुसत चालवायचा. "अहो, समोर बघा, माझ्याकडे काय बघताय?" "तू ओरडतेस म्हणून बघतो." दवाखान्याच्या रस्त्यावरची वळणं तो अशी शिकला.

दवाखान्यावर दावा ठोकायचा विचार बाईंच्या मनात पहिल्याच महिन्यात आला होता. तो त्यांनी घरात बोलून दाखवला, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. कारण तेव्हा धाकटे दीर घरी आलेले होते. दीर घरबांधणीच्या सामानाचे दलाल, पण जगातला कुठलाही विषय त्यांना नवा नव्हता.

"वहिनी, अजिबात घाई करायची नाही," ते सोफ्यावर मागे रेलून म्हणाले. "कायद्यात तीन वर्षं मुदत असते. तीन! माझ्या मित्राची केस होती ना, दाढ भलतीच काढली होती त्याची. अडीच वर्षांनी दावा टाकला, जिंकला. आधी सगळे कागद गोळा करा. कागद पूर्ण असल्याशिवाय वकिलाकडे गेलं तर वकील हसतात."

"भाऊजी, नक्की ना?"

"वहिनी, मी कधी चुकीचं सांगितलंय?"

सांगितलं होतं. अनेकदा. पण हात दुखत असताना माणसाला कुणीतरी ठामपणे बोलणारं हवं असतं, आणि दिरांइतकं ठाम त्या घरात कुणीच नव्हतं.

मग कागद. रेकॉर्डची खोली दवाखान्याच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोलीला लागून. खिडकीतल्या माणसाने अर्ज घेतला, महिन्याभराने बोलावलं. महिन्याभराने म्हणाला, अर्जावर अधीक्षकांची सही नाही. सही आणली तर म्हणाला, फोटो दुसऱ्या विभागात आहेत, तिथे वेगळा अर्ज करा. दुसऱ्या विभागात म्हणाले, फोटो पहिल्या विभागाला पाठवले. बाई दोन खिडक्यांच्या मधल्या बोळात उभ्या राहून अशा काही बोलल्या की धुण्याच्या खोलीतल्या बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या. कागद अर्धेच मिळाले. तेवढ्यात सातवा महिना लागला.

आणि सातव्या महिन्यात व्यायामाच्या खोलीत नेहमी व्यायाम करून घेणारी बाई रजेवर गेली. तिच्या जागी एक नवी मुलगी आली. तळघरातली ती खोली, शेकायच्या मेणाचा वास, रबरी चेंडूंनी भरलेली टोपली. मुलीने बाईंचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, मग कागद चाळले.

"तुम्ही अजून कशासाठी येताय?" तिने विचारलं. विचारण्यात उद्धटपणा नव्हता, नुसतं नवल होतं.

"म्हणजे? नस जागी व्हायला."

मुलीने हात खाली ठेवला नाही. "बाई, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? नसेचा प्रश्न नाहीये हा फक्त. हातातले स्नायूच गेलेत. प्लास्टर घट्ट बसलं, सूज आली, आत रक्त पोचलं नाही. त्याच दोन दिवसांत झालं ते. आता आहे तेवढं टिकवायचं. यापेक्षा जास्त नाही येणार."

ब्रेकबाईंनी हात सोडवून घेतला आणि पिशवी उचलली. व्यायाम न करताच त्या पायऱ्या चढून वर आल्या. गाडीत बसल्यावर नवऱ्याने विचारलं, काय म्हणाली गं? बाई म्हणाल्या, "गाडी काढा." सगळा रस्ता त्या ओरडल्या नाहीत. एका वळणावर नवऱ्याने इशारा न देताच गाडी वळवली, तरी ओरडल्या नाहीत. तेव्हा तो घाबरला.

त्याच आठवड्यात त्या वकिलाकडे गेल्या. वकील बाई पन्नाशीच्या, केस आखूड, टेबलावर पाण्याच्या तीन बाटल्या आणि त्यातली एकही भरलेली नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

"दवाखाना सरकारी ना?"

"हो."

"नोटीस कधी दिलीत?"

"कसली नोटीस?"

वकील बाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, खासगी डॉक्टर असता तर तुमच्याकडे तीन वर्षं होती. सरकारी दवाखान्याला मात्र आधी लेखी नोटीस द्यावी लागते. घटना घडल्यापासून सहा महिन्यांत. नोटीस नाही, तर दावा नाही. ती मुदत गेली."

"गेली म्हणजे?"

"गेली म्हणजे गेली."

"पण मी तर त्यांच्याकडेच जात होते! दर महिन्याला! तेच म्हणत होते, पुढच्या महिन्यात या!"

"मला मान्य आहे."

"मग ही मुदत कुठे लिहिलेली असते? दवाखान्यात कुठे पाटी आहे? चप्पल बाहेर काढा लिहिलंय, मोबाइल बंद ठेवा लिहिलंय, थुंकू नका लिहिलंय. एवढं एक लिहायला जागा नव्हती?"

वकील बाई हसल्या नाहीत. त्यांनी हे बहुधा याआधीही ऐकलं असावं. त्या म्हणाल्या, एक वाट आहे. विलंब माफीचा अर्ज. उशीर का झाला ते कोर्टाला पटवून द्यायचं. आपला हात कायमचा गेला आणि तो प्लास्टरमुळे गेला, हे तुम्हाला ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून मुदत मोजा, असं म्हणायचं. "पटेल की नाही, सांगता येत नाही. काही न्यायाधीश मानतात, काही मानत नाहीत. पण नोटीस आजच द्यायची. एक दिवस वाया घालवायचा नाही."

त्या संध्याकाळी दिरांना फोन गेला. बाईंनी शांतपणे सगळं सांगितलं. मग दीर म्हणाले, "हां, म्हणजे सरकारीचं वेगळं असतं. ते तर मला माहीतच होतं. तुम्ही सरकारी म्हणाला नव्हतात."

"भाऊजी, प्लास्टर कापलं त्या दिवशी तुम्ही स्वतः त्या दवाखान्यात मला बघायला आला होतात. डबा घेऊन."

"हो, पण मला वाटलं, विचारताय ते सर्वसाधारण विचारताय."

बाईंनी फोन ठेवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचा भाऊ आहे म्हणून सांगते. वर्षभर मला दिसू देऊ नका."

नोटीस तातडीने द्यायची, पण कुणाला? दवाखान्याचे अधीक्षक म्हणाले, आम्ही घेत नाही, आरोग्य खात्याच्या मुख्य कार्यालयात द्या. मुख्य कार्यालयातल्या माणसाने पाकिटावरचा पत्ता वाचला आणि म्हणाला, हा दवाखाना गेल्या वर्षी नगरपालिकेकडून आमच्याकडे आला, पण कायद्याची कामं अजून त्यांच्याकडेच आहेत. नगरपालिकेत तिसऱ्या मजल्यावर कायदा विभाग. दाराला कुलूप. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, साहेब जेवायला गेलेत.

"केव्हा येतील?"

"जेवून."

ब्रेकबाई आणि वकील बाई तिथेच बाकावर बसल्या. साहेब आले, त्यांनी पाकीट हातात घेतलं, उघडलं, वाचलं आणि परत केलं. "हे अधीक्षकांच्या नावाने हवं."

मागे उभ्या वकील बाईंनी पिशवीतून आणखी दोन पाकिटं काढली. एक अधीक्षकांच्या नावाचं, एक खात्याच्या. "तिघांनाही देतोय," त्या म्हणाल्या. "आता पोच द्या. नाही दिलीत तर नकार दिला म्हणून लिहून द्या. तुमच्या सहीने." साहेबांनी शिक्का शोधायला ड्रॉवर उघडला. ब्रेकबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा वकील बाईंकडे जरा आदराने बघितलं. इतक्या हळू आवाजात माणसाला जागेवर आणता येतं, हे त्यांना नवीन होतं.

विलंब माफीच्या अर्जावर दवाखान्याचं उत्तर आलं ते वाचून मात्र बाईंचं डोकंच फिरलं. त्यात पहिल्या पानावर लिहिलं होतं की प्लास्टर घातल्यानंतर रुग्णाने त्रासाची कोणतीही तक्रार केल्याची नोंद नाही. आणि तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की रुग्णाला दुसऱ्याच दिवशी तीव्र वेदना होत होत्या, तिने आरडाओरडा केला होता, सबब दुखापतीची कल्पना तिला तेव्हापासूनच होती, सबब मुदत तेव्हापासून मोजावी.

"म्हणजे मी ओरडले की नाही ओरडले?" बाईंनी वकील बाईंच्या टेबलावर डावा हात आपटला. "यांनी एकदाचं ठरवावं! ओरडले असेन तर डॉक्टरला का नाही बोलावलं? आणि ओरडले नसेन तर मला कळलं कसं?"

"हे असंच कोर्टात बोलायचं नाही," वकील बाई म्हणाल्या. "तिथे मी बोलणार. पण तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे."

अडचण दुसरीच होती. हात कायमचा गेल्याचं बाईंना अमुक दिवशी कळलं, हे सांगणार कोण? ती तळघरातली मुलगी. ती त्याच दवाखान्यात नोकरीला, तीही कच्ची. बाई तिला भेटायला गेल्या तेव्हा तिने खोलीचं दार आधी लोटून घेतलं.

"मला बोलावू नका हो," ती म्हणाली. "मी खोटं नाही बोलणार. पण माझं इथे अजून काहीच पक्कं नाही."

बाईंनी तोंड उघडलं. एरवी त्यांनी तिला चार शब्द सुनावले असते. पण याच मुलीने त्यांचा हात हातातून खाली न ठेवता खरं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "नको येऊस. मी बघते काय ते." आणि परत निघाल्या. पायऱ्यांवर त्यांना स्वतःचाच राग आला, की हातात आलेलं माणूस आपण सोडून दिलं.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात नवऱ्याला गाडी लावायला जागा मिळेना. बाई ओरडत होत्या, "मागे घ्या, मागे, आता डावीकडे, अहो डावीकडे म्हणजे तुमच्या डावीकडे!" आणि तेवढ्यात त्यांना फाटकातून ती मुलगी आत येताना दिसली. रजा टाकून आली होती. आईने सांगितलं जा म्हणून, एवढंच ती म्हणाली.

कोर्टाची खोली लहान, पंखा मोठा, आवाज त्याहून मोठा. दवाखान्याच्या वकिलांनी सांगितलं की कायदा सगळ्यांना सारखा, मुदत म्हणजे मुदत, आज एकाला सूट दिली तर उद्या रांग लागेल. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मुलीने दिली. शब्द सरळ होते. हो, मी सांगितलं. हो, त्याआधी यांना माहीत नव्हतं असं यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. नाही, कागदांत तसं रुग्णाला सांगितल्याची नोंद नव्हती.

मग न्यायाधीशांनी दवाखान्याचं उत्तर वर धरलं आणि त्यांच्या वकिलांना विचारलं, "पहिलं पान आणि तिसरं पान एकाच माणसाने लिहिलंय का?"

वकील म्हणाले, "कार्यालयाकडून आलंय, महोदय."

"ते दिसतंच आहे. दोन्हींपैकी कुठलं खरं धरू?"

वकिलांनी कागद चाळले. ब्रेकबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. नवऱ्याने त्यांच्या साडीचा पदर खालून गच्च धरला. त्या बसल्या.

निकाल तीन आठवड्यांनी आला. उशीर माफ. दवाखानाच जर दर महिन्याला बरं होईल म्हणून सांगत होता, तर रुग्णाने त्याच दवाखान्यावर दावा टाकायची घाई करायला हवी होती, असं म्हणता येणार नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने चष्मा काढला. बाईंनी वकील बाईंना विचारलं, "म्हणजे जिंकलो?"

"म्हणजे आता आपल्याला दावा दाखल करता येईल."

"एवढं सगळं झालं ते नुसतं दार वाजवायच्या परवानगीसाठी?"

"हो."

"दार उघडायला किती?"

"दोन वर्षं. जास्तही."

तो हिशेब जवळजवळ बरोबर निघाला. साक्षी, तारखा, तज्ज्ञांचे अहवाल, बदललेले वकील, बदललेले न्यायाधीश, एकदा तर हरवलेली फाइल. ब्रेकबाईंनी मध्ये गिअर नसलेली गाडी घेतली आणि शिकवणी परत सुरू केली. उजव्या हाताने स्टिअरिंग पकडता येत नव्हतं, म्हणून अगदी नवखी मुलं त्या दुसऱ्या एका शिक्षकाकडे पाठवायच्या आणि थोडं चालवता येणाऱ्यांनाच घ्यायच्या. हे त्यांना फार लागलं. पहिल्या दिवसाचा कच्चा माणूस घडवण्यातच त्यांचा खरा जीव होता.

शेवटी तडजोड झाली. भरपाई ठीक होती. त्याबद्दल बाईंची तक्रार नव्हती. कागदावर लिहिलं होतं की ही रक्कम चूक मान्य न करता देण्यात येत आहे. ते वाक्य त्यांनी तीनदा वाचलं आणि सही करायच्या आधी विचारलं, "मग कशाबद्दल देताय? माझं तोंड आवडलं म्हणून?" वकील बाईंनी डोळ्यांनीच खूण केली. बाईंनी डाव्या हाताने सही केली. ती सही आता त्यांना बरी जमायला लागली होती.

बाहेर व्हरांड्यात एक माणूस उभा होता. जरा जाडावलेला, कानशिलांवर केस पांढरे होऊ लागलेले. डोळ्यांवरून त्यांनी ओळखलं. प्लास्टर घालणारा डॉक्टर. आता दुसऱ्या गावी होता, साक्षीसाठी बोलावला होता, आणि तडजोड झाल्याने आता त्याची गरज उरली नव्हती.

"मला समन्स आलं तेव्हा कळलं," तो म्हणाला. "त्याआधी मला कुणी काही सांगितलंच नाही. तुम्ही चार दिवसांनी आला नाहीत तेव्हा मला वाटलं, बरं असेल."

त्याने हाताकडे बघितलं. बाईंनी तो पदराखाली घेतला नाही. वळलेली बोटं तशीच समोर धरली.

"दुसऱ्याच दिवशी आले होते मी," त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठे होतात?"

"झोपलो होतो," तो म्हणाला. "दोन दिवसांची पाळी संपली होती."

ब्रेकबाईंना खूप काही बोलायचं होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. दवाखान्याबद्दल, खिडक्यांबद्दल, कुलपांबद्दल, तीन पाकिटांबद्दल. पण समोर उभा होता तो एकटा, आणि या सगळ्यातला तोच एकजण स्वतःहून भेटायला थांबला होता. हेही त्यांना अन्यायाचंच वाटलं.

"माफ करा," तो म्हणाला.

"हे तिथे आत कुणी लिहून द्यायला तयार नव्हतं," बाई म्हणाल्या. मग चिडूनच पुढे म्हणाल्या, "आता तुमच्या दवाखान्यात नवीन मुलं प्लास्टर घालतात ना, त्यांना सांगा. बोटं कळत नाहीत म्हणून कुणी आलं, तर त्याला उद्या या म्हणायचं नाही. तेवढं तरी सांगा."

"सांगतो मी. रोज सांगतो आता."

खाली नवरा गाडीपाशी वाट बघत उभा होता. बाई जिना उतरू लागल्या. डॉक्टर दोन पायऱ्या मागून येत होता, बोलायचं संपलं की नाही हे त्याला कळत नव्हतं. बाईंनाही कळत नव्हतं. फाटकापर्यंत दोघं तसेच पुढेमागे चालत गेले.